रेघताई आणि मागे सरकलेला समुद्र

भूमापन कार्यालयात तिला खऱ्या नावाने हाक मारणारं कुणी नव्हतं. पगाराच्या दिवशी कारकून नाव वाचायचा तेव्हा दोन-तीन जण चक्क इकडेतिकडे बघायचे, ही कोण म्हणून. सगळ्यांच्या तोंडी ती रेघताई. नकाशाच्या कापडावर दोन पात्यांच्या पेनाने ती रेघ ओढायची तेव्हा श्वास रोखायची, आणि हातभर लांबीची रेघ कुठे जाड ना कुठे बारीक, अशी सरळ उतरायची. जुने साहेब म्हणायचे, "आमच्या रेघताईंनी ओढली म्हणजे ती काळ्या दगडावरची रेघ!" साहेब बदलले, त्यांच्यामागून सात साहेब आले आणि गेले, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

ती राहायची खाली बंदरावर. शहराचे दोन भाग होते. टेकडीवर कचेऱ्या, सचिवालय, साहेबलोकांचे बंगले. टेकडीखाली धक्का, वखारी, दोरखंडवाल्यांची गल्ली आणि समुद्र. खालचे लोक वरच्यांना नुसतं 'वरचे' म्हणायचे, आणि त्यात जेवढा आदर असायचा तेवढीच चेष्टा. ही प्रांताची राजधानी झाली कशी, याची खाली एक गोष्ट सांगत. राजधानी म्हणे खरी आत, पठारावर व्हायची होती. पण पहिला सुभेदार गलबतातून उतरला तो ओकत ओकत. "आता मी इथून एक पाऊलही हलणार नाही," म्हणाला. तो हलला नाही, आणि मग फायलीही हलल्या नाहीत. खरंखोटं देव जाणे. पण खारा वारा सगळ्यांना सारखाच लागायचा. कुलूप सहा महिन्यांत गंजायचं, दारं फुगून चौकटीत अडायची, आणि वरच्यांच्या कपाटातले कागद ओल धरून एकमेकांना चिकटायचे. एखादा अर्ज सापडला नाही की खालचे लोक म्हणायचे, "कुठल्या तरी दुसऱ्या अर्जाशी त्याचं लग्न लागलं असेल."

रेघताईचे बाबा नावाडी होते. त्यांच्या दोन खोल्यांच्या घराखाली दगडी पायऱ्या होत्या. तिथून ते होडी सोडायचे आणि आखाताच्या पलीकडच्या किनाऱ्यावरच्या माणसांची ने-आण करायचे. शाळामास्तर, भाजीवाल्या, कोर्टाच्या तारखेला आलेले पक्षकार. आई लहानपणीच गेली, भावंड नाही. बाप आणि लेक, आणि खिडकीखाली दिवसभर चाललेली पाण्याची बडबड. भरतीच्या वेळी लाटा पायऱ्यांवर आपटून असा आवाज करायच्या, की घरात मोठ्याने बोलावं लागे. त्यामुळे त्या दोघांचाही आवाज चढाच होता. एकोणिसाव्या वर्षी ती नोकरीला लागली तेव्हा वरच्यांच्या त्या चिडीचूप कचेरीत ती पहिलं वाक्य बोलली, आणि सगळे माना वर करून बघायला लागले. कुणी ओरडलं की काय!

कार्यालयाच्या दप्तरखान्यात पत्र्याच्या नळकांड्यांत जुने नकाशे असत. ती जेवणाच्या सुट्टीत ते उलगडून बघायची. एकाच शहराचे पाच नकाशे आणि पाच निरनिराळे किनारे. पहिल्यात नुसती मिठाची कोठारं आणि लाकडाचा धक्का. दुसऱ्यात एक किल्ला, त्याच्या पायाशी पाणी. पुढे जो जो सत्तेवर आला त्याने समुद्र थोडा थोडा मागे ढकलला. कुणी गोदीसाठी, कुणी कवायतीच्या मैदानासाठी, कुणी आपल्या नावाच्या रस्त्यासाठी. दोन टेकड्यांच्या मधून एक ओढा समुद्राला मिळायचा, तो चौथ्या नकाशात नाहीसाच झालेला. ती बोट फिरवून बघायची, हा ओढा आता कुठे असेल? तिथे तर सरकारी शाळा आहे.

दर शनिवारी या कार्यालयात भरतीवाला यायचा. धक्क्याच्या टोकाला एक खोपटं होतं. त्यात विहिरीसारख्या खोल खड्ड्यात एक तरंगता डबा, त्याला तार, तारेला पेन्सिल, आणि पेन्सिलीखाली घड्याळाच्या किल्लीवर फिरणारा कागद. पाणी चढलं की पेन्सिल चढायची, उतरलं की उतरायची. त्या यंत्राची राखण करणं आणि रोजच्या भरती-ओहोटीच्या नोंदी वहीत उतरवणं, हे त्याचं काम. वही भूमापनात दाखवावी लागे आणि ती तपासायचं काम रेघताईकडे. हडकुळा, उंच, कानाला पेन्सिल लावलेला तरुण. अक्षर मात्र असं सुरेख आणि ताजं, की वाचणाऱ्याने शाई बोटाला लागते का बघावं.

सगळं कार्यालय तिला ताई म्हणायचं. तो तेवढा म्हणायचा नाही. दारातून आत येऊन वही पुढे धरायचा आणि म्हणायचा, "अहो, ऐकता का..."

समोरच्या टेबलावरचे हेडक्लार्क चष्म्यावरून बघायचे. "अरे बाबा, हे 'अहो ऐकता का' लग्नानंतर म्हणतात. आधी रीतसर विचार तरी!"

तो कानाच्या पाळीपर्यंत लाल व्हायचा. रेघताई वहीत डोकं घालायची आणि त्या दिवशी बरोबर असलेल्या नोंदीसुद्धा दोन-दोनदा तपासायची.

तिच्या सत्ताविसाव्या वर्षी सरकारने ठरवलं, की आखात भरून काढायचं. प्रांत मोठा झाला होता, खाती वाढली होती, टेकडीवर माणूस मावेना. नवं सचिवालय, विधानभवन, रुंद रस्ता, सगळं भरावाच्या जमिनीवर होणार. बंदर उत्तरेला हलणार. एका सकाळी साहेबांनी तिच्यापुढे कच्चा नकाशा ठेवला. "रेघताई, नवी किनाररेषा. मंत्र्यांपुढे जायची आहे. तुमच्याशिवाय कुणाच्या हाती देणार नाही."

तिने कापड ताणलं, चारी कोपऱ्यांवर शिशाची वजनं ठेवली, पेनात शाई भरली. शिसपेन्सिलीची ती फिकट रेषा आखाताच्या एका टोकापासून निघून दुसऱ्या टोकाला टेकत होती, आणि रेघताईच्या घराखालच्या पायऱ्या त्या रेषेपासून चांगल्या मैलभर आत राहत होत्या. तिने श्वास रोखला आणि रेघ ओढली. हात हलला नाही. पुढे कित्येक वर्षं तिला याचंच नवल वाटायचं, की तेव्हा हात हलला कसा नाही.

संध्याकाळी बाबांनी नेहमीसारखं विचारलं, "काय केलंस आज?"

"काही नाही. नेहमीचंच," ती म्हणाली. इतक्या हळू, की बाबांना ऐकूच गेलं नाही.

तीन आठवडे तिने ते पोटात ठेवलं. अन्न गोड लागेना. शेवटी एका रविवारी बाबा होडीला डांबर लावत बसले होते तेव्हा पायरीवर शेजारी बसून तिने सगळं सांगून टाकलं. रेघ मी ओढली, हेही.

बाबांनी ब्रश डब्यात ठेवला. मग म्हणाले, "दुसऱ्या कुणी ओढली असती तर वाकडी ओढली असती." आणि हसले. "रडतेस कशाला? पाण्यावरची रेघ ती. टिकते का कधी?"

पण ती टिकली. पुढच्या हिवाळ्यात ट्रकांची रांग लागली. दिवसभर दगड, माती, मुरूम धडाधड पाण्यात पडत होता. आधी आखात गढूळ झालं, मग त्याचं डबकं झालं आणि मग चिखलाचं मैदान. एक दिवस सकाळी रेघताई उठली आणि तिला वाटलं, आपल्याला ऐकू येत नाही. कान चोळले, भांडं आपटून बघितलं. ऐकू तर येत होतं. पाणीच बोलायचं बंद झालं होतं.

होडी बंद पडली. मुकादमाला बाबांची दया आली असावी, त्याने त्यांना भरावाच्या दगडांवर पहारेकरी नेमलं. नावाड्याने समुद्र बुजवायच्या कामावर पहारा करायचा! दोरखंडवाल्या गल्लीत लोक हळहळले. बाबा म्हणाले, "असू दे की. शेवटपर्यंत सोबत तर राहीन त्याच्या." आणि खरोखरच ते भरावाच्या पुढच्या टोकावर स्टूल टाकून बसायचे. समुद्र आज दहा पावलं मागे गेला की यांचं स्टूलही दहा पावलं पुढे.

त्याच वर्षी भरतीवाल्याच्या बदलीचा हुकूम आला. धक्काच राहिला नाही तर खोपटं कशाला? यंत्र उचलून भूशिराच्या पलीकडच्या एका लहान बंदरात नेणार होते. बसने अर्ध्या दिवसाची वाट. यंत्राबरोबर माणूसही.

शेवटच्या शनिवारी तो आला. हेडक्लार्क उगीचच उठून पाणी प्यायला गेले.

"अहो, ऐकता का," तो म्हणाला. त्याने कानावरची पेन्सिल काढून पुन्हा लावली. मग म्हणाला, "तिथे सरकारी खोली आहे. लहान आहे. पण खिडकीखाली पाणी आहे, तुमच्या घराखाली होतं तसं. याल का?"

तिने वही मिटली, उघडली, पुन्हा मिटली. "बाबांना विचारते."

बाबांनी तर वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "जा. उद्याच जा. अगं, असा मुलगा दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही. माझं काय, मी आहे आणि माझं स्टूल आहे."

म्हणजे बापाने अडवलं, असं काही झालं नाही. लोक पुढे तसं म्हणायचे, आणि तीही कुणाचं खोडून काढायची नाही. खरं कारण तिने कुणाला सांगितलं नाही. दुपारी डबा द्यायला भरावावर गेली की ती म्हातारी पाठमोरी आकृती दिसायची, गुडघ्यांवर हात ठेवून मागे मागे जाणाऱ्या पाण्याकडे बघणारी. रेघ आपण ओढायची, आणि त्या रेघेच्या अलीकडे बापाला एकटं सोडून आपण मात्र खिडकीखालच्या पाण्याकडे निघून जायचं? तिचं मन घेईना. सोमवारी तिने नाही म्हणून कळवलं. चिठ्ठी चार ओळींची होती, आणि चौथी ओळ तिने दोनदा खोडली.

तो गेला. पण नोंदी थांबल्या नाहीत. आता वही दर महिन्याला टपालाने यायची आणि तपासून परत जायची. तारीख, वेळ, पाण्याची उंची, वारा, आणि शेवटचा रकाना शेऱ्याचा. पहिल्या महिन्यात शेऱ्यात काही नव्हतं. दुसऱ्या महिन्यात एका ओळीपुढे त्या सुरेख अक्षरात लिहिलेलं होतं : 'पाणी फार निवळ. तळ दिसतो.'

तिने ती ओळ पाच वेळा वाचली. वहीची पोहोच पाठवावी लागे, तिने पाठवली : 'नोंदी मिळाल्या. शाई फिकी वाटते. गडद वापरावी.' पुढची वही आली ती काळ्याभोर शाईत.

असं ते सुरू झालं. कुणी तपासलं असतं तर आक्षेप घेण्यासारखं एक अक्षर सापडलं नसतं. 'पाच दिवस पाऊस. खोपट्याच्या छपरावर एक बगळा मुक्कामाला.' 'वारा पडला. समुद्र झोपल्यासारखा.' तीही पोहोचपत्रात लिहायची, 'बगळ्याची नोंद पुढील महिन्यातही द्यावी.' महिन्याच्या पाच तारखेला शिपाई टपाल वाटायला निघाला की तिचं लक्ष रेघेवरून उडायचं. एवढ्या वर्षांत ती फक्त त्याच दिवशी शाई सांडायची.

तिसऱ्या वर्षी एका वहीत सात दिवस दुसऱ्याच कुणाचं गिचमिड अक्षर होतं आणि शेऱ्यात लिहिलं होतं : 'दि. १४ ते २० रजा. कारण घरचे कार्य.' घरचे कार्य म्हणजे काय ते कळायला पंचांग लागत नाही. तिने सगळ्या आकड्यांची बेरीज-पडताळणी केली, एक चूक सापडली ती लाल शाईने दुरुस्त केली, आणि पोहोच लिहिली : 'नोंदी मिळाल्या. शुभेच्छा.' मग हात धुवायला म्हणून गेली आणि नळ सोडून उभी राहिली. टाकी रिकामी होईस्तोवर.

वर्षं गेली. भरावावर इमारती उठल्या. अधिवेशनाच्या दिवसांत जिल्ह्याजिल्ह्यांतून माणसं यायची, काखेत फायली, हातात निवेदनं, आणि 'जुना धक्का' नावाच्या बसथांब्यावर उतरून चक्रावून बघायची, की धक्का कुठे आहे? दोरखंडवाल्यांच्या गल्लीत आता झेरॉक्सची दुकानं होती. बाबांचं स्टूल पुढे नेत नेत भरावाच्या अगदी टोकाला पोचलं, तिथे कठडा बांधला गेला, आणि पहारेकऱ्याची गरज संपली. सातव्या वर्षी साध्या तापाचं निमित्त झालं आणि बाबा एका पहाटे गेले. जाताना काही बोलले नाहीत, नुसतं तिच्या हातावर थोपटलं. होडी किनाऱ्याला लावताना होडीला थोपटायचे तसं.

त्या महिन्यात तिने लिहिलं : 'पोहोच आठवडाभर उशिरा. कारण घरी दुःखद घटना.'

पुढच्या वहीत नऊ तारखेपुढे शेरा होता : 'नावाडीकाका गेल्याचे कळले. त्या दिवसाची भरती दोनदा तपासली. बरोबर आहे.'

एवढंच. पण भेटायला आलेल्या चाळीस माणसांच्या बोलण्याने जे झालं नव्हतं ते या ओळीने झालं. ती दप्तरखान्यात जाऊन पोटभर रडली.

तिच्या त्रेपन्नाव्या वर्षापासून शेऱ्यांचा सूर बदलला. 'उधाणाची भरती सर्वांत उंच पाण्याच्या जुन्या खुणेच्या चार बोटं वर.' पुढच्या वर्षी, 'सहा बोटं. यंत्र तपासले. दोष नाही.' तिने दोनदा टिपण लिहून वर पाठवलं, की भरावाच्या गटारांची तोंडं या पातळीच्या खाली आहेत. टिपण कुठल्या तरी कागदाला चिकटून बसलं.

आणि मग ती दुपार आली. दोन दिवस वादळाच्या बातम्या होत्या, पण वादळ दूर समुद्रातून निघून जाणार म्हणून सगळे निश्चिंत. दीडच्या सुमाराला साहेबांच्या खोलीतला फोन वाजला. साहेब वैतागून बाहेर आले. "रेघताई, कुणीतरी तुम्हालाच मागतंय. नाव सांगत नाही नीट."

तिने फोन कानाला लावला. तारेत वारा घुसल्यासारखी घरघर, आणि त्यातून आवाज : "अहो, ऐकता का..."

सव्वीस वर्षांनी.

"ऐकतेय. बोला."

"पाणी खुणेच्या दोन हात वर गेलंय. दोन बोटं नाही, दोन हात. वादळ वळलंय. पाणी अजून चढतंय. तुमच्याकडे चारच्या आसपास पोचेल. ऐकताय ना?" आणि फोन कट झाला.

ती धावत दप्तरखान्यात गेली. सगळ्यात जुनं नळकांडं काढलं आणि तो नकाशा साहेबांच्या टेबलावर, त्यांच्या चहाच्या कपावरूनच, पसरला. "साहेब, पाणी इथून येणार. हा ओढा होता. त्याच्या तोंडावर आता शाळा आहे. मग या चार गल्ल्या, मग बाजाराची मागची बाजू. आत्ताच्या आत्ता रिकामं करायला सांगा."

साहेब तरुण होते, आठ महिन्यांपूर्वी बदलून आलेले. "अहो ताई, हा नकाशा दीडशे वर्षांचा आहे!"

"पाण्याला नवा नकाशा कुणी दाखवलाय, साहेब?"

साहेबांनी तिच्याकडे बघितलं. मग फोन उचलला. त्या माणसाचं एवढं मात्र मानलं पाहिजे, की त्याने लेखी मागितलं नाही. अडीचला भोंगे लावलेल्या जीपा गल्ल्यांतून फिरायला लागल्या. तीनला शाळेतली मुलं दोरीला धरून टेकडी चढत होती. लोक शिव्या देत, हसत, कुरकुरत निघाले. ऊन तर लख्ख होतं.

चारला पाच मिनिटं असताना पाणी आलं. आधी गटारांतून, मग रस्त्यावरून. शाळेच्या फाटकातून आत गेलं, चार गल्ल्यांतून वळणं घेत बाजारामागे निघालं, जणू वाट पाठ होती. शंभर-सव्वाशे घरांत छातीएवढं चढलं. पण नकाशाला एका जागी कसरीने भोक पाडलेलं होतं, त्या भोकात ओढ्याचा एक फाटा होता, आणि त्यावर वसलेल्या पाचव्या गल्लीत जीप गेलीच नव्हती. त्या गल्लीतला म्हातारा घड्याळजी दुकानाचं दार लावायला म्हणून मागे फिरला, तो सापडला दुसऱ्या दिवशी. लोक म्हणाले, एकच गेला, रेघताईमुळे हजार वाचले. ती मान हलवायची. हजारांचे चेहरे तिला आठवत नसत. घड्याळजीने तिच्या बाबांचं घड्याळ एकदा दुरुस्त करून दिलं होतं.

ती टेकडीच्या बाजूने वळसा घालून घरी आली तेव्हा पाणी त्यांच्या चौथ्या पायरीपर्यंत होतं. काळं, त्यात चपला, कुंड्या, सरकारी शिक्का असलेले कागद. ती वरच्या पायरीवर बसली. पाणी दगडावर आपटलं आणि तो आवाज आला. तोच. सव्वीस वर्षं ज्याच्यासाठी कान आसुसले होते तो आवाज आला, तो हा असा. "बाबा," ती मोठ्याने म्हणाली, "आला हो हा." मग ती उठून शेजारच्या म्हातारीला जिना चढवायला गेली.

पुढे रिवाजाप्रमाणे चौकशी समिती बसली. भरतीच्या सव्वीस वर्षांच्या वह्या मागवल्या, आणि वह्यांबरोबर भरतीवाल्यालाही. तो तीन पोती घेऊन बसमधून उतरला. केस पिकलेले, पाठीला बाक, डाव्या कानाने ऐकू कमी. कानावर पेन्सिल होतीच. समितीपुढे दोघं शेजारी शेजारी तीन दिवस बसले. अध्यक्ष विचारायचे, तो वही उघडायचा, ती नकाशावर जागा दाखवायची. तिसऱ्या दिवशी अध्यक्षांनी सहज विचारलं, "या शेऱ्यांमध्ये बगळा वगैरे काय आहे?"

"निरीक्षण आहे, साहेब," तो म्हणाला.

"शास्त्रीय," ती म्हणाली.

निघायच्या दिवशी बसला तासभर अवकाश होता. स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीत दोघं बसले. त्याच्या दोन मुली, एकीचं लग्न झालेलं. बायको बालवाडीत शिकवते.

"तिला ठाऊक आहे," तो म्हणाला. "म्हणते, तुमच्या वहीला जेवढं चांगलं अक्षर मिळतं तेवढं मला पत्रात कधी मिळालं नाही."

"त्या भांडतात का?"

"पाच तारखेच्या आसपास थोडं."

ती हसली. चहा निवून गेला होता. मग तिने कपाकडे बघत विचारलं, "तुम्हाला राग आला होता का? त्या चिठ्ठीचा?"

"वर्षभर होता." तो उजवा कान तिच्याकडे करून बसला होता. "मग बगळा आला."

"मला रोज वाटायचं, जायला हवं होतं," ती म्हणाली. "रोज नाही. शनिवारी. मग परत वाटायचं, बरं झालं राहिले. बाबा होते तोवर तसं वाटायचं. ते गेल्यावर नुसताच शनिवार." मग म्हणाली, "इतक्या वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. तुमची बायको वाईट मानणार नाही ना?"

"मी तिला सांगेन. ती मानेल थोडं वाईट. मग चहा करेल." त्याने चष्मा काढून पुसला. "खिडकीखाली पाणी आहे अजून. कधी आलात तर..."

"नाही येणार," ती म्हणाली. आणि त्याने मान डोलावली, कारण त्यालाही ते ठाऊक होतं.

बस लागली. तो खिडकीशी बसला, काच वर होईना, चौकट फुगलेली. त्याने आतून काहीतरी म्हटलं. तिला ऐकू आलं नाही, त्याला तिचं आलं नसेल. बस वळणावरून गेली आणि ती धूळ बसेपर्यंत तिथेच उभी राहिली.

"मावशी," शेजारून कुणीतरी म्हणालं. पठारावरून आलेल्या बसमधून उतरलेली एक मुलगी होती, वीस-बावीसची, हातात वळकटी आणि नेमणुकीचं पत्र. सचिवालयात टंकलेखक म्हणून उद्या हजर व्हायचं होतं. "एक विचारू का? समुद्र कुठल्या बाजूला आहे? मी कधी पाहिलाच नाही. एवढा वेळ शोधतेय, आवाजसुद्धा येत नाही."

रेघताईने तिच्याकडे नीट बघितलं. मग वळकटीचं एक टोक उचललं.

"चल. लांब आहे थोडा. बोलत बोलत जाऊ."